रिडेव्हलपमेंटसाठी घर सोडताय? मग परदेशातल्या फाईलवरचा पत्ता पण बदला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात हल्ली दर दोन दिवसांनी रिडेव्हलपमेंटवर काहीतरी असतं, भाडं किती मिळतंय, कॉर्पस किती, ७९ अ प्रमाणे मीटिंग झाली का, बिल्डर पळाला तर काय, आणि मी ते सगळं वाचते कारण आमची कोथरूडची सोसायटी पण त्यातच आहे. पण एक गोष्ट मला कुठेच वाचायला मिळाली नाही आणि ती माहीत नसल्यामुळे आमच्या घरात दोन महिने कोणाला नीट झोप लागली नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण जमलं तर पूर्ण छापा.

माझ्या लेकीचं लग्न होऊन दीड वर्ष झालंय. जावई कॅनडात पीआर, म्हणजे तिथले कायमचे रहिवासी आहेत, त्यांनी तिला स्पॉन्सर केलंय, म्हणजे नवरा बायकोला तिकडे बोलावून घेतो ती फॅमिली क्लासची फाईल. फाईल तिकडे पोचली, पोच आली, बायोमेट्रिक झालं, मेडिकल झालं, आणि मग सुरू झालं वाट बघणं. ते चालू असतानाच दिवाळीनंतर बिल्डिंग रिकामी करायची तारीख आली आणि आम्ही कर्वेनगरला भाड्याच्या फ्लॅटमधे आलो. ३५ वर्षांचं घर आवरायचं म्हणजे काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. फ्रिजवर यादी लावली होती, गॅस, दूध, पेपर, बँक, एलआयसी, ह्यांची पेन्शन, डॉक्टर, मोलकरीण, सगळ्यांना नवा पत्ता कळवला. आधारचं म्हणलं नंतर बघू. आणि कॅनडाची फाईल त्या यादीत नव्हतीच, कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

अगदीच नाही असं नाही, लेकीने एकदा एजंटला फोन केला होता. तो म्हणाला काही गरज नाही मॅडम, सगळं ईमेलवर येतं, पत्ता कोण बघतंय. ते पटलं कारण खरंच सगळं ईमेलवरच येत होतं.

आणि खरं सांगायचं तर आम्हाला आतून पण वाटत होतं की पत्ता बदललाच कुठे? घर तर तिथेच आहे ना. आमचा फ्लॅट, आमचं शेअर सर्टिफिकेट, तीन वर्षांनी त्याच जागेवर नवव्या मजल्यावर परत जायचंय. भाड्याच्या घराला "आपला पत्ता" म्हणायला जीभच वळत नाही. कोणी विचारलं कुठे राहता तर आजही तोंडातून कोथरूडच येतं. मला वाटतं रिडेव्हलपमेंटमधल्या प्रत्येक घरात हेच होत असणार, नेहमीसारखं घर विकून दुसरीकडे गेलो असतो तर पत्ता बदलायचं आपोआप सुचलं असतं, पण इथे आपण सोडून गेलोय असं मनाला वाटतच नाही. सरकारी ऑफिसला मात्र मालक कोण याच्याशी काही देणंघेणं नसतं, त्यांना तुम्ही आत्ता कुठे राहता तेवढंच हवं असतं. मी स्वतः बँकेत ३१ वर्षं काढली, पत्ता न कळवल्यामुळे परत आलेल्या चेकबुकांचे गठ्ठे मी या हातांनी लावलेत, आणि तरी स्वतःच्या मुलीच्या बाबतीत हे लक्षात आलं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

मग झालं काय, की मार्चमधे तिकडून मेल आली, पोलीस क्लिअरन्सची, म्हणजे गुन्ह्याची नोंद नाही अशा दाखल्याची नवीन प्रत द्या, ३० दिवसांत. आपल्याकडे ते पासपोर्ट ऑफिसकडून मिळतं. लेकीने ऑनलाइन अर्ज भरला, आधारवर जुनाच पत्ता, पासपोर्टवर पण जुनाच, म्हणून अर्जात पण जुनाच लिहिला, मुंढव्याला पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन आली, सगळे कागद जुळले म्हणून तिथे काही प्रश्न आला नाही. मग व्हेरिफिकेशनला पोलीस गेले त्या पत्त्यावर. तिथे चारी बाजूंनी निळे पत्रे आणि आत पोकलेन. वॉचमन म्हणाला साहेब इथं कोणीच राहत नाही. त्याने खरं तेच सांगितलं, पोलिसांनी पण खरं तेच लिहिलं, आणि अर्ज अडकला. चूक आमचीच होती. परत धावाधाव, रजिस्टर केलेलं लिव्ह अँड लायसन्स, त्यावर आधार बदललं, नवीन पत्त्याने परत अर्ज, परत व्हेरिफिकेशन. तोपर्यंत ३० दिवस संपत आलेले. मेडिकल पण १२ महिनेच चालतं, त्याची तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहिलेली, ती रोज दिसायची.

शेवटी लेकीने वेब फॉर्मवरून त्यांना सगळं खरं खरं लिहिलं की आमची बिल्डिंग पाडली, आम्ही इकडे राहतोय, क्लिअरन्सचा नवीन अर्ज केलाय, ही त्याची पावती, थोडा वेळ द्या. वेळ मिळाला. पण ते लिहिताना लक्षात आलं की त्यांच्या रेकॉर्डला आम्ही अजून कोथरूडलाच होतो, ४११०३८, आणि एजंटने काहीच कळवलेलं नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट तेव्हाच बाहेर आली. जावयांनी पण फेब्रुवारीत घर बदललं होतं, ब्रॅम्प्टनच्या बेसमेंटमधून मिसिसागाच्या अपार्टमेंटमधे, लेक येणार म्हणून मोठी जागा घेतली. त्यांनी त्यांचा पत्ता रीतसर कळवला होता. लेकीला वाटलं त्यांनी दोघांचं कळवलं. त्यांना वाटलं ती तिचं कळवेल, नाहीतर एजंट तरी कळवेल. फाईल एकच असली तरी स्पॉन्सर करणारा वेगळा आणि जिच्यासाठी अर्ज केलाय ती वेगळी, दोघांचे पत्ते वेगळे धरतात, म्हणून ज्याचा पत्ता बदलला त्याचा कळवायचा, आणि कळवलं का हे दुसऱ्याने फोन करून विचारायचं.

आता कसं करायचं ते सांगते, म्हणजे दुसऱ्या कोणाला आमच्यासारखं रात्री दोन वाजता शोधत बसायला नको. अर्ज एकदा सबमिट झाला की त्या फॉर्ममधे जाऊन आपला आपण पत्ता खोडता येत नाही. आयआरसीसीच्या, म्हणजे त्यांच्या इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवर पत्ता बदलायची वेगळी सोय आहे आणि शिवाय वेब फॉर्म आहे. त्यात नाव पासपोर्टवर आहे तसंच, जन्मतारीख, अर्ज नंबर, आमचा एफने सुरू होतो, आणि यूसीआय, म्हणजे ते खातं प्रत्येक अर्जदाराला देतं तो ओळख नंबर मिळाला असेल तर तो, आणि मग जुना पत्ता, नवा पत्ता आणि कुठल्या तारखेपासून. मेलिंगचा पत्ता आणि राहण्याचा पत्ता असे दोन वेगळे रकाने असतात, आपण बदलताना एकच बदलतो आणि दुसरा तसाच राहतो, तिकडे लक्ष द्या. फॉर्म पाठवला की पोच म्हणून मेल येते, ती डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून दोघांनी आपापल्याकडे ठेवा. एजंट असेल तर पत्रव्यवहार त्याच्याकडेच जातो, म्हणून त्याला फोनवर न सांगता लेखी कळवा आणि त्याने पुढे पाठवल्याची पोच मागून घ्या, पैसे दिलेत तुम्ही, मागायला लाजू नका.

तारखेचं जरा जास्त सांगते. त्यांच्या एका फॉर्ममधे, शेड्यूल ए म्हणतात त्याला, गेल्या १० वर्षांत कुठे कुठे राहिलात ते महिन्यासकट लिहायचं असतं आणि मधे एक महिना पण रिकामा सोडायचा नाही. तो फॉर्म कधी कधी परत अपडेट करून मागतात. आमच्या भाडेकराराची तारीख १ नोव्हेंबर, सामान हललं १७ ला, आणि मधले काही दिवस लेक सासरी चिंचवडला होती. एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं असं झालं की उगीच प्रश्न येतात. म्हणून शिफ्टिंग झालं त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा कोण कुठल्या तारखेपासून कुठे झोपलं, आणि नवराबायकोने दोघांनी तीच तारीख वापरा.

पासपोर्टवरचा पत्ता बदलायला मात्र घाईने पळू नका. आमच्या ओळखीत एकांनी पळत जाऊन बदलला, तर आपल्याकडे पत्ता बदलायला पासपोर्ट रीइश्यू होतो, म्हणजे नंबरच नवीन, आणि मग फाईलवर पासपोर्ट नंबर बदलायचं काम अजून एक वाढलं. कॅनडाच्या फाईलवर तुम्ही आत्ता राहता तो पत्ता हवा, तो पासपोर्टच्या शेवटच्या पानाशी जुळलाच पाहिजे असं काही नाही.

पुष्कळ लोकांच्या मनात भीती असते की पत्ता बदलला कळवलं की फाईल लाईनीत मागे जाईल, किंवा संशय घेतील, माझ्या नणंदेने पण हेच सांगितलं होतं की गप्प बसा कशाला उकरून काढता. असं काही होत नाही. घर बदललं म्हणून फाईल पहिल्यापासून सुरू होत नाही. लपवलं आणि नंतर दिसलं तर मात्र उत्तर द्यावं लागतं. फक्त एक, स्पॉन्सर करणारा जर क्युबेकमधे राहायला चालला असेल तर तो नुसता पत्त्याचा विषय राहत नाही, त्या प्रांताची स्पॉन्सरशिपची पद्धत वेगळी आहे, तिथे आधी नीट चौकशी करा. आणि पीआर असलेल्याने बायकोला स्पॉन्सर केलं असेल तर त्याने कॅनडातच राहत असलं पाहिजे, म्हणून त्याचा तिथला पत्ता फाईलवर बरोबर असणं हे साधं काम नाही.

आमच्या विंगमधल्या एका घरात अमेरिकेचं प्रकरण आहे. तिकडे तर नियम आणखी कडक. जो तिथला नागरिक नाही त्याने घर बदलल्यापासून १० दिवसांत पत्ता कळवायचा, एआर-११ नावाचा फॉर्म आहे. आणि ज्याने आर्थिक जबाबदारीच्या कागदावर सही करून कोणाला आणलंय त्याला घर बदललं की ३० दिवसांत वेगळा आय-८६५ भरायचा असतो, तो नागरिक असला तरी. पोस्टात सांगून ठेवलं की टपाल नव्या घरी येईल यावर तिकडे विसंबू नका, इमिग्रेशनची पत्रं आणि कार्डं पोस्ट पुढे पाठवत नाही, परत फिरतात. त्या घरातल्या मुलाने तिकडे पोस्टाला सांगितलं होतं, इमिग्रेशनला नाही, आणि त्याचं एक पत्र असंच गेलं.

संपादक महोदय, माझी विनंती सोसायट्यांच्या कमिट्यांना आहे, आणि ती तुमच्यामार्फत पोचेल म्हणून लिहितेय. कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणा, सहकारनगर, जिकडे बघावं तिकडे पत्रे लागलेत, आणि या सगळ्या भागात घरटी एकतरी मूल बाहेर आहे किंवा जायच्या वाटेवर आहे. बिल्डिंग रिकामी करायचं जे सर्क्युलर काढतात त्यात वीज मीटर, गॅस, पार्किंगचे स्टिकर सगळं असतं. त्यातच एक ओळ टाका की घरातल्या कोणाची परदेशातली कुठलीही फाईल चालू असेल, बायकोची, नवऱ्याची, आईवडिलांची, तर त्या ऑफिसला नवा पत्ता याच आठवड्यात कळवा आणि आधार पण बदलून घ्या. ११ महिन्यांनी भाड्याचं घर परत बदललं तर परत कळवा. आमच्या सेक्रेटरींना मी सांगितलं, ते म्हणाले आता तर सगळे गेले, काय उपयोग. पण शेजारची सोसायटी जूनमधे रिकामी होतेय, त्यांच्या चेअरमनना मी स्वतः कागद नेऊन दिलाय.

लेकीचं क्लिअरन्स आलं, पाठवलं, पत्ता बदलल्याची पोच पण आली. आता पासपोर्ट मागवतील तेव्हा परत येताना तो कर्वेनगरच्या दारात येईल, पत्र्यांच्या मागे नाही. तिकडे उतरल्यावर पीआर कार्ड कॅनडातल्याच पत्त्यावर येतं, आणि १८० दिवसांत पत्ता दिला नाही तर नवीन अर्ज आणि परत फी. जावयांचा मिसिसागाचा करार ऑगस्टमधे संपतोय. परवा फोनवर त्यांना म्हणलं, पुन्हा घर बदललंत तर आधी तिकडे कळवा आणि मग मला फोटो पाठवा. हो म्हणालेत.

आपली,
एक वाचक
मूळची कोथरूड, राहणार कर्वेनगर, पुणे ४११०५२