अणुबॉम्बची किल्ली नेमकी कोणाकडे?

प्रिय मिलिंद,

अणुबॉम्बवर राजकीय नियंत्रण असतं म्हणजे नक्की काय असतं, राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावरचं ते लाल बटण का, असं तू विचारलं आहेस. बटण कुठेच नाही. हुकूम कोणी द्यायचा हे कायद्यात लिहिता येतं, पण खरं नियंत्रण ठरतं ते वस्तू कोणाच्या ताब्यात आहे यावरून. बॉम्बची बनावट बदलली की हा ताबाही बदलतो, आणि राज्यकर्त्यांना ते बहुतेक वेळा उशिरा कळतं. अमेरिकेचीच कथा सांगतो, कारण तिथले कागद उघड झाले आहेत.

सुरुवातीला नियंत्रण जवळपास नव्हतंच. २५ जुलै १९४५ चा हुकूम बघ. जनरल हँडी यांच्या सहीने तो हवाई दलाच्या जनरल स्पाट्झ यांना गेला. ३ ऑगस्टच्या सुमारास हवामान साफ असेल तेव्हा पहिला बॉम्ब टाका. लक्ष्यं हिरोशिमा, कोकुरा, निइगाता, नागासाकी. आणि पुढचे बॉम्ब तयार होतील तसतसे याच यादीवर टाकत जा. म्हणजे नागासाकीसाठी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्याकडून वेगळा हुकूम निघालाच नाही. हवामान बिघडणार असं दिसल्यावर ११ ऑगस्टची मोहीम ९ वर आणली ती टिनियन बेटावरच्या, म्हणजे बॉम्बवाहू विमानांच्या तळावरच्या, लोकांनी. त्या सकाळी लक्ष्य होतं कोकुरा. तिथे खालचं काही दिसेना, म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. दुसऱ्या दिवशी बॉम्ब-प्रकल्पाचे प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज यांनी कळवलं की तिसरा बॉम्ब १७-१८ ऑगस्टनंतर टाकता येईल. सेनाप्रमुख मार्शल यांनी त्याच कागदावर हाताने लिहिलं की राष्ट्राध्यक्षांच्या स्पष्ट परवानगीशिवाय तो जपानवर टाकायचा नाही. राजकीय नियंत्रण सुरू झालं ते या शेऱ्यापासून, दोन शहरं गेल्यावर.

१९४६ च्या अणुऊर्जा कायद्याने सगळं काही नागरी आयोगाकडे आलं, आणि १ जानेवारी १९४७ पासून बॉम्बही. सैन्याला हे खुपत होतं. जुलै १९४८ मध्ये, बर्लिनची नाकेबंदी चालू असताना, संरक्षणमंत्री फॉरेस्टल यांनी ताबा मागितला आणि ट्रूमन यांनी साफ नकार दिला. हा नकार टिकला तो बॉम्बच्या बनावटीमुळे. तेव्हाच्या बॉम्बचा अणुगाभा, म्हणजे अणुस्फोट घडवणारा आतला गोळा, वेगळा असे. स्फोटकांनी भरलेलं धूड विमानतळावर ठेवता येई, गाभा मात्र आयोगाच्या कुलपात. गाभ्याविना ते धूड म्हणजे फार तर एक मोठा साधा बॉम्ब. नियंत्रण इतकं ठोस पुन्हा कधी झालं नाही, असं माझं मत आहे.

एप्रिल १९५१ मध्ये कोरियाच्या युद्धात ट्रूमन यांनी ९ बॉम्बचे गाभे हवाई दलाच्या हाती दिले. काही दिवसांतच, ११ एप्रिलला, त्यांनी तिथले सेनापती मॅकआर्थर यांना पदावरून काढलं. या दोन गोष्टी एकत्र वाचाव्यात: ऐकत नाही अशा सेनापतीच्या टापूत ते बॉम्ब पाठवायची ट्रूमन यांची तयारी नव्हती.

मग बनावट बदलली. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात गाभा कारखान्यातच आत बंद केलेले बॉम्ब आले. वेगळा ठेवायला काही उरलंच नाही. ट्रूमन यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या आदेशांनी ताबा हप्त्याहप्त्याने सैन्याकडे गेला. वॉशिंग्टन आधीच उद्ध्वस्त झालं तर काय, या भीतीपोटी त्यांनी काही सेनापतींना ठरावीक परिस्थितीत स्वतःहून अण्वस्त्र वापरायची मुभाही आगाऊ देऊन ठेवली.

तिढा युरोपात उघडा पडला. इंग्लंडमधल्या ६० अमेरिकन थॉर क्षेपणास्त्रांना दोन किल्ल्या होत्या: ब्रिटिश अधिकाऱ्याची क्षेपणास्त्र सोडायला, अमेरिकन अधिकाऱ्याची स्फोटकाग्र सज्ज करायला. विमानांच्या बाबतीत तेवढंही नव्हतं. १९६०च्या अखेरीस अमेरिकी संसदेची अणुऊर्जा समिती नाटोचे तळ पाहायला गेली. सोबत लॉस अलामॉस या बॉम्बच्या प्रयोगशाळेचे भौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड ॲग्न्यू होते. धावपट्टीवर जर्मन चिन्हांची विमानं, त्यांना लटकलेले अमेरिकन बॉम्ब, आणि पहाऱ्याला बंदूक घेतलेला एकच कोवळा अमेरिकन शिपाई. जर्मन वैमानिक विमान घेऊन निघाला तर त्या पोराने करायचं तरी काय? कायद्याप्रमाणे बॉम्ब अमेरिकेच्या ताब्यात होते. हे दृश्य मला या साऱ्या इतिहासातलं सगळ्यात भयंकर वाटतं.

उत्तर सँडिया प्रयोगशाळेकडून आलं: बॉम्बच्या आतच, सज्ज करणाऱ्या विद्युतमार्गावर बसवलेलं आकडी कुलूप. ६ जून १९६२ रोजी केनेडी यांनी नाटोसाठीच्या अण्वस्त्रांवर ते बसवायचा आदेश काढला. पहिली कुलपं विद्युत-यांत्रिक, चार आकड्यांची. पुढच्या पिढ्यांत आकडे वाढले, आणि ठरावीक वेळा चुकलं की शस्त्र स्वतःच निकामी होऊ लागलं. सैन्याचा आक्षेप पोकळ नव्हता: युद्धात दळणवळण तुटलं आणि आकडा पोचलाच नाही, तर बॉम्ब म्हणजे नुसतं ओझं. पाणबुड्यांचं तर काम खोल पाण्यात गप्प राहण्याचं, त्यामुळे नौदल या कुलपांपासून कित्येक दशकं दूर राहिलं.

ब्रिटनने तर विश्वासावरच भिस्त ठेवली. त्यांच्या डब्ल्यूई-१७७ बॉम्बला १९९८ पर्यंत सायकलच्या कुलपासारखी साधी किल्ली होती. आजही त्यांच्या ट्रायडंट पाणबुड्यांना लंडनहून आकडा लागत नाही. नवा पंतप्रधान चार पाणबुड्यांसाठी स्वहस्ते चार पत्रं लिहितो. देश नष्ट झाला तर काय करायचं ते त्यात असतं. तो पायउतार झाला की ती न वाचता नष्ट करतात.

आता जे कुलपाने सुटत नाही ते. कुलूप खालच्याला अडवतं, वरच्याला नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष पेंटॅगॉनच्या नियंत्रण कक्षाशी बोलतो, खिशातल्या कार्डावरच्या संकेताने ओळख पटवतो, पर्याय निवडतो. कक्षातला अधिकारी फक्त माणूस तोच आहे ना एवढं तपासतो. निर्णय शहाणपणाचा आहे का, ते नाही. क्षेपणास्त्रतळावर तळघरातले दोन अधिकारी तिजोरीतल्या सीलबंद संकेताशी संदेश ताडून पाहतात आणि एका वेळी किल्ल्या फिरवतात. किल्ल्यांची जागा इतकी लांब की एकट्याला दोन्ही फिरवता येऊ नयेत. १९७३ मध्ये मेजर हॅरॉल्ड हेरिंग यांनी प्रशिक्षणात विचारलं, हुकूम देणारा राष्ट्राध्यक्ष भानावर आहे हे मला कसं कळणार? उत्तर मिळालं नाही, नोकरी मात्र गेली. त्यांचा प्रश्न आजही तसाच पडून आहे, आणि याची मला मनापासून चीड येते.

आपल्याकडे ४ जानेवारी २००३ रोजी सरकारने व्यवस्था जाहीर केली: वापराची परवानगी फक्त पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या राजकीय परिषदेला; राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या कार्यकारी परिषदेने माहिती पुरवायची आणि आदेश अमलात आणायचे; शस्त्रं सांभाळायला स्ट्रॅटेजिक फोर्सेस कमांड. अभ्यासक सांगत आले आहेत की गाभे अणुऊर्जा खात्याकडे, म्हणजे ट्रॉम्बेच्या मंडळींकडे, बाकीचे भाग डीआरडीओकडे आणि बॉम्ब वाहून नेणारी विमानं-क्षेपणास्त्रं सैन्याकडे असत. म्हणजे ट्रूमन यांच्या १९४८ च्या मांडणीचीच आपली आवृत्ती.

पण ५ नोव्हेंबर २०१८ रोजी पंतप्रधानांनी अरिहंत या आपल्या अणु-पाणबुडीची पहिली प्रतिबंधक गस्त पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. गस्तीवरच्या पाणबुडीत गाभा वेगळा ठेवून ऐन वेळी ट्रॉम्बेहून आणता येत नाही. अग्नी-५ सारखी क्षेपणास्त्रंही डब्यात बंद होऊन येतात. म्हणून तुझ्या प्रश्नाला मी एक जोडतो, आणि तो आपल्या खासदारांनी विचारायला हवा असं मला वाटतं: गाभा शस्त्रात कायमचा बसल्यावर अरिहंतच्या कप्तानाला दिल्लीवाचून अडवणारं नेमकं काय आहे, आकडा, किल्ली की माणसं?

रशियाच्या ‘पेरिमीटर’ या प्रतिहल्ल्याच्या यंत्रणेबद्दल तू विचारलं होतंस, ते पुढच्या पत्रात. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अनिरुद्ध