लागरलोफ सर, समुद्रातलं मीठ आकाशातून मोजल्याबद्दल थँक्यू

गॅरी लागरलोफ सर, नमस्कार,

कोल्हापुरातून लिहितोय. समुद्र आम्हाला तसा जवळ, घाट उतरला की कोकण, पण आमच्या नदीचं पाणी तिकडं जातच नाही. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा सगळी दख्खन आडवी पार करून बंगालच्या उपसागरात जाते. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या बारक्या पोरांनाही पाठ असतं, पण नद्यांचं गोडं पाणी समुद्रात गेल्यावर पुढं काय होतं हे भूगोलाच्या वर्गात दाखवायचं तर माझ्याकडं चित्रच नव्हतं. ते तुमच्यामुळं मिळालं, म्हणून हे पत्र.

१९९५ ला तुम्ही कॅल्विन स्विफ्ट आणि डेव्हिड ल व्हाइन यांच्यासोबत लिहिलंत की उपग्रहांपुढचं पुढचं आव्हान म्हणजे समुद्राचा खारेपणा. तापमान, पाण्याची उंची हे वरून मोजलं जायला लागलं होतं, मीठ तेवढं राहिलेलं, आणि ते का राहिलेलं हे वाचलं तेव्हा मी गारच पडलो. समुद्र स्वतःहून अगदी मंद मायक्रोवेव्ह सोडत असतो, मीठ वाढलं की पाण्यातून वीज जास्त सहज वाहते आणि ते मायक्रोवेव्ह किंचित कमी होतात, बास, एवढ्याच धाग्यावर सगळं. हे मायक्रोवेव्ह तापमानाच्या एककात, केल्विनमध्ये मोजतात, आणि हजार भागांत एक भाग मीठ बदललं तर कोमट पाण्यात फरक जेमतेम अर्धा केल्विन, थंड पाण्यात त्याच्याही निम्मा. त्यात वारा सुटून लाटा उठल्या की तो फरक बुडूनच जातो, शिवाय आकाशगंगेचे रेडिओतरंग पाण्यावरून परावर्तित होऊन मधे लुडबुड करतात ते वेगळंच!

आणि तुम्ही टार्गेट काय ठेवलं, तर हजार भागांत ०.२ भाग. म्हणजे लिटरभर पाण्यात चिमूटभर मीठ इकडंतिकडं झालं तरी ६५७ किलोमीटरवरून कळलं पाहिजे. त्यासाठी अ‍ॅक्वेरियसवर, म्हणजे खारेपणा मोजणाऱ्या नासाच्या तुमच्या उपकरणावर, वाऱ्याचा हिशोब लावणारं रडार त्याच डिशला जोडलंत, ही आयडिया मला सगळ्यात भारी वाटते. १० जून २०११ ला अर्जेंटिनाच्या उपग्रहावर बसून ते गेलं आणि सप्टेंबरात पहिला जागतिक नकाशा आला. खारेपणा मोजणारा युरोपचा उपग्रह स्मॉस २००९ लाच वर गेला होता, त्या टीमचेही आभार मानायलाच पाहिजेत, पण एका मापासाठी सोळा वर्षं मागं लागून राहायचं म्हणजे नाद खुळा सर, खरंच.

तुमचा नकाशा वर्गात लावला की पोरं पहिल्यांदा आपलाच देश शोधतात. डावीकडं अरबी समुद्र हजार भागांत ३६ च्या आसपास, उजवीकडं उपसागराचा वरचा भाग पावसाळ्यानंतर ३० च्या पण खाली, मधे एवढीशी जमीन. एका मुलीनं विचारलं, सर यात आपलं पाणी कुठंय? मी सांगितलं की वेगळं नाही दिसणार, आलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर एवढी धरणं वाटेत, आणि उपसागरात जोर गंगा-ब्रह्मपुत्रेचा. पण समुद्रावरून वाफ होऊन निघालेलं पाणी मीठ मागंच ठेवतं, गगनबावड्याला पाऊस होऊन पडतं आणि त्यातलं काही दुसऱ्याच समुद्राला जाऊन मिळतं, हे त्या एका नकाशावर बोट फिरवून समजावता आलं. गोड्या पाण्याचा थर वर तरंगत राहतो, खालच्या खाऱ्यात लवकर मिसळत नाही, वरची उष्णता वरच अडकते आणि चक्रीवादळांना ती मिळते, हे पण मग पोरांना पटतं.

जून २०१५ मध्ये वीजपुरवठा बिघडून अ‍ॅक्वेरियस बंद पडलं. पण त्याच वर्षी गेलेल्या नासाच्या स्मॅप उपग्रहाच्या खारेपणाच्या नकाशांत तुमच्या टीमनं शोधलेल्या दुरुस्त्याच कामाला आल्या. स्मॅपला साधारण ४० किलोमीटरपर्यंतचं दिसतं, त्यामुळं पावसाळ्यानंतर आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्यानं खाली सरकणारा गोड्या पाण्याचा पट्टा आता बऱ्यापैकी ओळखू येतो. आणि हा सगळा डेटा फुकट! कोल्हापुरातल्या मास्तरला कुणाची परवानगी लागत नाही की पैसे लागत नाहीत, याचे आभार तर वेगळेच मानायला हवेत.

यंदा ऑक्टोबरचा नकाशा अकरावीची पोरं स्वतः काढणारेत, रंगाची पट्टी २८ ते ३७ ठेवायची असं ठरलंय, आणि खाली अ‍ॅक्वेरियसचं आणि तुमचं नाव लिहायचं हे त्यांनीच सुचवलं.

मनापासून आभार, सर.

तुमचा,
भूगोलाचा एक मास्तर, कोल्हापूर