काकूंची झोप

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू चिडलेलास. गुडघ्याचं ऑपरेशन झकास झालं, पण काकू तीन रात्री टक्क जाग्या, आणि "साधी झोपेची गोळी द्यायला यांचं काय जातं?" इतकी वर्षं लोकांना भूल देतोय, तरी तुला धड सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र.

तू म्हणतोस ती अल्प्राझोलामच्या जातीची गोळी पंचाहत्तरीच्या माणसाला द्यायला आम्ही कचरतो. म्हातारी माणसं त्यावर कधीकधी भ्रमिष्टासारखी होतात. सलाइनची सुई उपटतात, मध्यरात्री कॉटवरून उतरायला बघतात. नव्या गुडघ्यासकट पडल्या म्हणजे?

दुसरा पर्याय मेलाटोनिनचा. ते तसं गुंगी आणणारं नाही. अंधार पडला की आपल्याच मेंदूतली एक चिमुकली ग्रंथी ते बनवते. शरीराला कळतं, रात्र झाली. १९५८ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या आरन लर्नर यांनी ते गुरांच्या ग्रंथींतून वेगळं काढलं. गृहस्थ त्वचारोगतज्ज्ञ, निघाले होते कातडीच्या रंगाचं कोडं सोडवायला! ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्री ते शरीरात कमी बनतं. त्यात दुखणं, आणि दुखण्यावरची अफूच्या जातीची औषधं गाढ झोप मोडतात ती वेगळीच.

म्हणून मी काही पेशंटना ३ मिलिग्रॅम देतो, झोपायच्या तासभर आधी. पण फार भिस्त ठेवू नकोस. ऑपरेशनआधीची धास्ती त्यानं कमी होते, हे २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे बरेच अभ्यास एकत्र तपासून केलेल्या आढाव्यात, दिसलं. नंतरच्या झोपेचं म्हणशील तर कुठल्या अभ्यासात गुण आला, कुठल्यात नाही.

परवा रात्री तीनला वॉर्डात गेलो. एक आजी डोळ्यांवर पदर ओढून पडलेल्या, डोक्यावर ट्यूबलाइट भगभगतेय. मला म्हणाल्या, "उजाडलं का रे बाळा?" डोळ्यांत असा उजेड गेला की शरीरातलं मेलाटोनिन बनायचं मंदावतं. वर गोळी द्यायची आणि दिवा तसाच ठेवायचा, हा आमचा शहाणपणा. दिवा बंद केला. सिस्टर माझ्यावर वैतागल्या, आणि त्यांचंही खरं होतं, चार्ट कुठे लिहायचे?

तर काकूंना दिवसा खिडकीशी बसव, चष्मा आणि कानाचं मशीन हाताशी ठेव, दुपारी घोरू देऊ नकोस. मेलाटोनिनचं त्यांच्या डॉक्टरांना विचार, आपल्या मनानं आणू नकोस. वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी, चालू असेल तर आवर्जून सांग, दोन्ही एकत्र आली तर रक्तस्राव वाढू शकतो.

रविवारी येतो. तोवर त्या खोलीतल्या दिव्याचं बटण शोधून ठेव.

तुझा,
अव्या