एआय व्यवसायाचा जमाखर्चही छापावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चांगल्या पगाराची नोकरी सोडून कृत्रिम बुद्धिमत्तेचा, म्हणजे एआयचा, व्यवसाय सुरू करणाऱ्यांच्या मुलाखती अलीकडे पुरवण्यांतून वारंवार वाचायला मिळतात. राजीनाम्याचे धाडस आणि मिळालेले भांडवल यांवर त्यांत भर असतो. महिन्याचा खर्च कसा भागतो, हे मात्र क्वचितच येते. हिंजवडीतील नोकरी सोडून मी स्वतः या व्यवसायात उतरलो असून, मराठी कागदपत्रे वाचून त्यांतील माहिती टिपणारी प्रणाली आम्ही पतसंस्थांसाठी तयार करतो, म्हणून हे आग्रहाने लिहीत आहे.

नेहमीचे सॉफ्टवेअर एकदा तयार झाले की पुढच्या प्रत्येक ग्राहकामागे होणारा खर्च किरकोळ असतो. एआयमध्ये तसे नाही. दुसऱ्या कंपनीचे मॉडेल, म्हणजे मजकूर वाचणारी मूळ एआय प्रणाली, वापरले तर वाचलेल्या प्रत्येक पानाचे पैसे मोजावे लागतात आणि ते बहुधा डॉलरमध्ये असतात. ही आकारणी टोकनवर, म्हणजे मॉडेल मजकुराचे जे छोटे तुकडे करून वाचते त्यांच्या संख्येवर, ठरते, आणि बऱ्याच मॉडेलांमध्ये त्याच आशयाच्या इंग्रजी मजकुरापेक्षा देवनागरी मजकुराचे टोकन जास्त होतात. म्हणजे मराठीत काम करणाऱ्याचा खर्च मुळातच चढा. पतसंस्थेला वर्षाची ठरावीक रक्कम सांगितली आणि तिने अपेक्षेपेक्षा जास्त कागद तपासून घेतले, तर काम वाढते आणि नफा घटतो. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये १०,३७२ कोटी रुपयांच्या इंडियाएआय मोहिमेला मंजुरी दिली आणि त्यातून सवलतीच्या दरात जीपीयू, म्हणजे एआयसाठी लागणाऱ्या वेगवान चिप्स, उपलब्ध होऊ लागले, याचे मला मनापासून समाधान आहे. तथापि त्यामुळे पैसे देणारा ग्राहक मिळत नाही. तो निदान एक तरी मिळेपर्यंत राजीनामा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र नोकरी सांभाळून असे काम सुरू करण्याआधी नेमणुकीचा करार वकिलाकडून वाचून घ्यावा, कारण नोकरीत असताना केलेल्या कामावर कंपनीचा हक्क सांगणारे कलम त्यात बहुधा असते.

घरच्या बाजूचा एकच मुद्दा सांगतो. नोकरी सुटली की आईवडिलांना मिळणारे सामूहिक आरोग्य विम्याचे संरक्षण संपते, आणि नव्या वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा असू शकते. नवी पॉलिसी राजीनाम्याच्या बरीच आधी घेतलेली बरी.

सर्वांत जास्त त्रास होतो तो थकलेल्या बिलांचा. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा २००६ मध्ये झाला. त्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे, लेखी करार असला तरी, काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत देणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. २०२३ च्या वित्त कायद्याने तर मुदतीत न दिलेली अशी रक्कम, ती प्रत्यक्ष दिल्याशिवाय, खर्च म्हणून वजा करण्यास खरेदीदाराला मनाई केली. सेवा देणाऱ्या आमच्यासारख्यांनाही हे संरक्षण आहे, पण त्यासाठी काम हाती घेण्यापूर्वीच उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून केंद्र सरकारकडे होणारी नोंदणी, केलेली असावी. एका मोठ्या ग्राहकाने आमचे बिल अनेक महिने अडवून ठेवले, तेव्हा दाद मागण्याचा विचार मनात आला. परंतु पुढचे काम त्याच्याकडूनच मिळणार असल्याने लहान उद्योजक बहुधा तक्रार करत नाही, आणि कायदा तिथेच लंगडा पडतो. यावर उपाय म्हणून मोठ्या कंपन्या आणि सरकारी खाती यांनी थकवलेल्या बिलांची माहिती अशा थकबाकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या राज्याच्या सुविधा परिषदेने दर तिमाहीस, तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवून, जाहीर करावी.

आपल्या प्रतिनिधींनीही यापुढे अशा मुलाखतींत पहिले बिल किती दिवसांनी वसूल झाले, एका ग्राहकामागे मॉडेलचा खर्च किती येतो आणि तोवर घरखर्च कशावर चालला, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे