दशमांश दिला, पगार कापला

महोदय,

भायखळ्याच्या आमच्या चर्चच्या मंडळीत मी ३२ वर्षे गातो आहे. गेल्या महिन्यात प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीआधी, पाळकांनी (आमच्या धर्मगुरूंनी) नेहमीप्रमाणे आत्मपरीक्षण करायला सांगितले. बायबलमधल्या पत्रात प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना हेच बजावले होते : विश्वासात आहात की नाही, स्वतःलाच पारखा. एरवी मी डोळे मिटून दोन मिनिटे काढतो. त्या दिवशी मात्र आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशी आठवल्या. डेंग्यू झाल्याने त्या नऊ दिवस आल्या नव्हत्या आणि मी नऊ दिवसांचा पगार कापला होता. त्याच आठवड्यात दशमांशाचे, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला देण्याचे, पाकीट वेळेवर दिले होते. भाकर आणि प्याला समोर आला. मी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी पैसे दिले, माफी मागितली. मावशी म्हणाल्या, "अहो दादा, सगळेच कापतात." ते 'सगळेच' फार लागले. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा (ख्रिस्ती धर्माची दीक्षा) घेतला, तेव्हा त्यांचे घरदार दुरावले. मला तो आईच्या कडेवर असताना मिळाला, काहीही न गमावता. नोंदवहीत मी ख्रिस्ती आहे. मावशींच्या हिशेबात कोण होतो?

नाताळ जवळ आला आहे. केक आणि रोषणाईच्या बातम्यांशेजारी, माझ्या ख्रिस्ती बांधवांसाठी हा प्रश्नही छापावा, ही विनंती.

– एक वाचक, भायखळा, मुंबई