बांबूचे खड्डे आणि विश्वचषक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘नवी मुंबईत फुटबॉलची आणखी एखादी जागतिक स्पर्धा आणावी, शहराचे नाव होईल, चार पैसेही येतील’ असे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. मी नेरुळची. डी. वाय. पाटील स्टेडियम घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. २०१७ चा सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक, २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीतला महिलांचा आशिया चषक आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमधला मुलींचा विश्वचषक, हे सगळे आमच्या दारात झाले. नाव झाले, नाही कोण म्हणते? चार पैशांबद्दल मात्र थोडे बोलायचे आहे.

आधी चांगले सांगते. ३० ऑक्टोबर २०२२ ला मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना बघायला मी भाचीला घेऊन गेले होते. ८२व्या मिनिटापर्यंत गोलफलक कोरा. मग कोलंबियाच्याच एका मुलीकडून चेंडू स्वतःच्या जाळ्यात गेला आणि स्पेन १-० ने जिंकले. गॅलरीत नुसता कल्ला. भाची गप्प. थोड्या वेळाने हळूच विचारते, “मावशी, हिला आता घरी ओरडतील का गं?” आठवड्याभरात तिने स्टडचे बूट मागितले आणि तेव्हापासून ती खेळतेच आहे. टीव्हीवर बघून हे झाले नसते. त्यामुळे स्पर्धा नकोतच, असे म्हणणाऱ्यांतली मी नाही.

पण आपण स्वस्तात सुटलो ते कशामुळे, हे विसरायला नको. स्टेडियम आधीच उभे होते, तेही खासगी. २००८ च्या पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना तिथलाच. क्रिकेटवर त्याचे पोट भरते, मध्येच फुटबॉल पाहुणा येऊन जातो. ब्राझीलने २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी बारा स्टेडियम सज्ज केली. त्यातले एक अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या मनौस शहरात, चाळीस हजारांहून जास्त प्रेक्षकांचे. विश्वचषकाचे तिथे सामने झाले किती? चार. त्या शहराचा एकही संघ तेव्हा देशाच्या पहिल्या श्रेणीत नव्हता. म्हणजे लग्नापुरता बंगला बांधायचा आणि पुढे जन्मभर त्याची घरपट्टी भरायची.

आणि येणारा पैसा जातो कुठे? विश्वचषकाच्या प्रक्षेपणाचे आणि बड्या प्रायोजकांचे उत्पन्न फिफाचे, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेचे. २०२२ ला संपलेल्या चार वर्षांत त्यांनी साडेसात अब्ज डॉलरच्या वर कमावले. यजमान शहराच्या वाट्याला बंदोबस्त, वाहतूक आणि दुसऱ्या दिवशीचा कचरा. शिकागोने २०२६ च्या स्पर्धेच्या शर्यतीतून २०१८ मध्येच अंग काढून घेतले, करदात्यांच्या डोक्यावर नको ती जोखीम येते म्हणून. शिकागोसारख्या शहराने असा हात आखडता घेतला, तर आपण निदान करार वाचून तरी सही करावी.

छोट्या धंद्यांना बरकत येते, असेही त्या पत्रात होते. आमच्या कोपऱ्यावरचा वडापाववाला मोठ्या सामन्याच्या दिवशी गाडीच लावत नाही. “ताई, त्या दिवशी उभंच राहू देत नाहीत, मी सरळ गावाला जाऊन येतो,” म्हणतो. ब्राझीलच्या साल्वादोरमध्ये चवळीचे वडे तळून विकणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या स्टेडियमपाशी बसत आलेल्या. विश्वचषकात त्यांनाही बाहेर ठेवायचे घाटत होते. त्यांनी आवाज उठवला, सह्या गोळा केल्या, तेव्हा कुठे काही जणींना आत जागा मिळाली. आमच्या वडापाववाल्यासाठी सह्या कोण गोळा करणार?

माझे खरे दुखणे मात्र मैदानाचे आहे. २०१७ मध्ये गुवाहाटीचे मैदान पावसाने खराब झाले, तर ब्राझील-इंग्लंड उपांत्य सामना ऐन वेळी कोलकात्याला हलवला. मुलांच्या पायाला इजा होऊ नये म्हणून एवढी काळजी! त्याच मोसमात नेरुळला परदेशी संघांच्या सरावासाठी हिरवेगार मैदान तयार झाले, तेव्हा आम्ही ते कौतुकाने बघायला गेलो होतो. आणि भाचीचा संघ ज्या मैदानावर खेळतो तिथे? नवरात्र, मग लग्नसराई, मग कुठलासा महोत्सव. मंडप उतरला की बांबूचे खड्डे तसेच राहतात. सकाळी साडेसहाला सराव सुरू होतो, त्यातली पहिली वीस मिनिटे मुली रंगाच्या रिकाम्या डब्यांतून रेती आणून ते बुजवतात. “आधी खड्डे, मग चेंडू,” असे त्यांच्या सरांनी म्हणून ठेवले आहे. गेल्या हिवाळ्यात एकीचा घोटा असाच एका खड्ड्यात मुरगळला. मैदान ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयात मी दोनदा अर्ज दिला. पोच मिळाली. रेती अजून मुलीच आणतात.

पुढची स्पर्धा जरूर आणा. फक्त आणण्याआधी सार्वजनिक तिजोरीतून किती जाणार आणि नंतर कोणते मैदान कुणासाठी, किती तास खुले राहणार, हे लोकांसमोर ठेवा. आणि जमल्यास एक बारीकसे कलमही घाला: मंडपाच्या बांबूचे खड्डे मंडपवाल्यानेच बुजवायचे.

आपली,
एक नेरुळकर वाचक