'निकाली' म्हणजे मंजूर नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सिव्हिल लाइन्समध्ये एका सरकारी कार्यालयाच्या कुंपणाला लागून मी टेबल टाकून बसतो. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार टाइप करून देणं हा माझा सत्तावीस वर्षांचा धंदा. आधी टाइपरायटर होतं, आता लॅपटॉप आणि एक खोकलणारा प्रिंटर.

मागच्या महिन्यात उमरेड रोडकडच्या एक बाई पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. नवरा वारला आहे, चार घरची धुणीभांडी करतात. संजय गांधी निराधार योजनेसाठी त्यांना २१ हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला हवा होता. अर्ज मीच करून दिला होता. "भाऊ, निकाल लागला न माहा," म्हणाल्या आणि पदराच्या गाठीतून कागद काढला. कोपऱ्याला कुंकू लावलं होतं, देवापुढे ठेवला असणार. मजकूर एका ओळीचा: 'त्रुटींची पूर्तता न केल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' नातवाने वाचून दाखवला होता. पोराच्या दृष्टीने निकाल लागला म्हणजे पास, त्याचं काय चुकलं? पेढे शेजारीपाजारी वाटून झाले होते, माझ्या वाट्याचे चार राहिले होते. मी तारीख पाहिली. पाच आठवडे उलटले होते.

पाच आठवड्यांचं दुखणं असं, की महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. फेटाळण्याचं कारण लेखी द्यायचं, अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचं तेही लेखी कळवायचं, असं त्याच कायद्यात आहे. कसूर झाली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. बाईंच्या कागदावर अपिलाचा 'अ' नव्हता. 'नामंजूर' एवढा एक शब्द असता, तरी त्या दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापुढे उभ्या राहिल्या असत्या.

आता कोणी म्हणेल, सरकारी मराठी अवघडच. मला ते पटत नाही. सातबारा, आठ-अ, फेरफार, पोटहिस्सा हे शब्द काय सोपे आहेत? तरी अंगठा उठवणारा शेतकरी त्यावर माझी चूक काढतो. माझे वडील भंडाऱ्याकडचे, मालगुजारी (म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत) पाहिलेले. १९५१ साली मालगुजारी गेली, पण 'निस्तार' हा शब्द त्यांच्या तोंडून गेला नाही. जंगलातून सरपण आणणं, गुरं चारणं, हा गावाचा निस्तार, आणि तो निस्तार पत्रकात लिहिलेला. फॉरेस्ट गार्डने अडवलं तर ते म्हणायचे, "निस्तार आहे आमचा." शाळा दुसरीपर्यंत, पण शब्द असा वापरायचे की समोरचा बाजूला व्हायचा. निस्ताराला त्यांनी कधी 'लाभ' म्हटलं नाही.

आज माझ्या टेबलापुढचा प्रत्येक जण 'लाभार्थी' असतो. रेशन घ्या. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो धान्य हा कायद्याने दिलेला हक्क आहे. पण कोटा कमी आला तर माणूस माझ्याकडे येऊन सांगतो, "भाऊ, विनंती लिहा, सायबाच्या पाया पडतो म्हणा." मी 'तक्रार' टाइप करतो, तर तोच घाबरतो. याच बाईंना मी 'हक्क' म्हणालो तेव्हा त्या म्हणाल्या, "आमी कुठं टॅक्स भरतो बाप्पा, फुकटचंच तं मागतो." ज्या साबणाने त्या लोकांची धुणी धुतात, त्यावरचा जीएसटी त्या स्वतःच्या घरच्या वडीपुरता तरी भरतातच की. अंगाच्या साबणावरही भरतात: २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के होता, २२ तारखेपासून ५ टक्के आहे. करदाता म्हणजे रिटर्न भरणारा, हे त्यांच्या डोक्यात कोणी घातलं कोण जाणे.

उलट बाजूही सांगतो. आधार कार्ड दाखवून "नागरिक असल्याचा पुरावा आहे" म्हणणारे शिकलेले लोकच जास्त. आधार रहिवाशाला मिळतं, आणि ते नागरिकत्वाचा पुरावा नाही असं आधारच्या कायद्यातच लिहिलं आहे. राष्ट्रीयत्वाचा दाखला वेगळा. 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र' या नावातच तीन शब्द आहेत, पण आपण सगळ्याला मिळून 'डोमिसाईल' म्हणतो आणि मोकळे होतो. मीही टेबलावरच्या पाटीवर 'डोमिसाईल'च लिहिलंय. दुसरं लिहिलं तर गिऱ्हाईक येत नाही.

हिवाळी अधिवेशनात सगळं मंत्रालय नागपुरात येतं, माझ्या टेबलासमोरून लाल दिव्याशिवायच्या गाड्या जातात. तेव्हा कोणी आमदारांनी एवढं विचारावं, की फेटाळलेल्या अर्जावर 'निकाली' ऐवजी 'नामंजूर' छापायला आणि खाली अपिलाची ओळ टाकायला किती खर्च येतो.

आणि आपल्याला एक मागणी (विनंती नव्हे). आठवड्यातून एकदा एका चौकटीत एकच सरकारी शब्द द्या. 'नस्तीबद्ध', 'अनुज्ञेय', 'त्रुटी', 'उपकर', असा कोणताही. अर्थ एका ओळीत, आणि हा शब्द कागदावर आला तर किती दिवसांत कुठे जायचं ते दुसऱ्या ओळीत. शब्द मी पुरवीन, माझ्या टेबलाच्या खणात असे कागद गठ्ठ्याने पडले आहेत.

बाईंचा अर्ज नव्याने केला आहे, रेशनकार्डाची झेरॉक्स या वेळी ठळक काढली. टायपिंगचे पैसे घेतले नाहीत, पेढे खाल्ले होते.

जागा कमी पडली तर निस्ताराचं पुराण कापा, पण अपिलाच्या ३० दिवसांचा भाग तेवढा ठेवा.

आपला,
एक अर्जनवीस, सिव्हिल लाइन्स, नागपूर
(नाव व पत्ता संपादकांसाठी सोबत जोडला आहे.)